सोन्याची पातळ फिल्म तिसऱ्या दिवशी सुटते आहे (वायू-सेन्सरचा इलेक्ट्रोड)

काचपट्टी
सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. या विभागात वर्षभर नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागेल, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

हवेतला हायड्रोजन सल्फाईड मोजणारा छोटा विद्युतरासायनिक सेन्सर करते आहे. काचेवर ई-बीमने (निर्वातात इलेक्ट्रॉनच्या झोताने धातूची वाफ करून) ५ नॅनोमीटर क्रोमियम आणि त्यावर १०० नॅनोमीटर सोनं. आकार लिफ्ट-ऑफने काढले (नको त्या जागी आधी लेप, मग लेपासकट वरचा धातू धुऊन काढायचा). वर्किंग इलेक्ट्रोड (जिथे वायूची अभिक्रिया होते) २ मिमी बाय २ मिमी, शेजारी सोन्याचाच काउंटर (करंटचं दुसरं टोक), आणि तिसरा रेफरन्स (ज्याच्या तुलनेत विभव, म्हणजे व्होल्टेज, मोजायचं). रेफरन्स म्हणजे १ मिमी बाय १ मिमीचा, १ मायक्रोमीटर जाडीचा चांदीचा चौकोन, वरून क्लोराईड चढवलेला. सगळं झाल्यावर ३०० अंशांना एक तास ॲनिलिंग (तापवून मुरवणं). वर ०.५ मोलर सल्फ्युरिक ॲसिडचा साधारण १ मिमीचा थर आणि त्यावर सच्छिद्र टेफ्लॉनचा पडदा. वायू पडद्यातून आत येतो.

तीन तक्रारी आहेत. १० पीपीएम (हवेच्या दशलक्ष भागांत १० भाग) वायू सोडला की दहा मिनिटं झाली तरी करंट चढतच राहतो. दुसऱ्या दिवसापासून बेसलाईन (वायू नसतानाचं वाचन) सरकते, आणि सीव्ही (विभव पुढे-मागे फिरवत करंटचा आलेख) काढला तर आधी नसलेली शिखरांची एक जोडी दिसते. तिसऱ्या दिवशी सोनं कडेने वळतं. टेप लावली की पूर्ण चौकोन टेपबरोबर येतो. टेप टेस्ट ॲनिलिंगच्या आधी केली होती, तेव्हा फिल्म जागची हलली नव्हती.

आतापर्यंत सहा पट्ट्या गेल्या. सातवी करण्याआधी कुठे चुकतंय ते समजून घ्यायचं आहे.

निर्वातपंप
सोमवार, रात्री १०.१५

क्रोमियम, सोनं आणि ३०० अंश हे एकत्र वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधीच थांबलो.

पातळ सोन्याची फिल्म अखंड पत्रा नसते. बारीक कणांची फरसबंदी असते आणि कणांमधल्या सांध्यांतून क्रोमियम सहज वर चढतं. २०० अंशांच्या पुढे हा प्रवास चांगलाच वेग घेतो. वर पोचलं की तिथे त्याचं ऑक्साईड होतं, त्यामुळे आणखी क्रोमियम खालून ओढलं जातं. तुमच्याकडे होतंच मुळात ५ नॅनोमीटर. तासाभरात चिकटवणारा थर खालून पातळ झाला आणि तुमच्या सोन्यावर क्रोमियम ऑक्साईडचे ठिपके बसले. टेप टेस्ट आधी केलीत म्हणून हे दिसलं नाही.

सातव्या पट्टीला १० नॅनोमीटर टायटॅनियम, त्यावर २० नॅनोमीटर प्लॅटिनम, मग सोनं. मधलं प्लॅटिनम आडभिंतीचं काम करतं. ॲनिलिंग मुळीच नको.

एक विचारतो. थरांच्या मध्ये चेंबर उघडला होता का? आणि डिपॉझिशनच्या (धातू टाकण्याच्या) आधी दाब किती होता? १० चा उणे ६ वा घात टॉर (निर्वाताच्या दाबाचं एकक) इतक्या दाबालासुद्धा, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला असं धरलं तर, साधारण एका सेकंदात पृष्ठभागावर वायूचा अख्खा रेणुथर बसतो. टायटॅनियम तर ऑक्सिजनला हपापलेलंच असतं. ते टाकून कॉफी प्यायला गेलात तर परत येईपर्यंत त्याचा वरचा भाग ऑक्साईड झालेला असतो आणि सोनं ऑक्साईडवर नीट बसत नाही.

घटविद्या
सोमवार, रात्री ११.०५

निर्वातपंप यांचं निदान पटतं. पण मला त्याहून मोठी चूक रेफरन्समध्ये दिसते आहे.

चांदी-सिल्व्हर क्लोराईड इलेक्ट्रोडचं विभव द्रावणातल्या क्लोराईडच्या प्रमाणावर ठरतं. तुमच्या द्रावणात क्लोराईड नाहीच. म्हणजे जे विभव तुम्ही स्थिर मानता आहात त्याला टेकायला जागाच नाही. सिल्व्हर क्लोराईड थोडंसं विरघळतं, तेवढ्यापुरतं काहीतरी विभव मिळतं आणि ते तासागणिक सरकतं. पोटेन्शियोस्टॅट (विभव राखणारं यंत्र) इमानाने ठरलेला फरक राखत बसतो, पण कशापासूनचा फरक हेच बदलत असतं. बेसलाईन सरकणारच.

दुसरं असं की ती विरघळलेली चांदी कुठे जाते? आम्लात, ऑक्सिजनच्या सान्निध्यात उघडी पडलेली चांदीही हळूहळू आयनरूपात उतरते. ती काही मिलिमीटरवरच्या सोन्यावर जाऊन बसते, आणि सोन्यावर तिचा पहिला अणुथर अपेक्षेपेक्षा बऱ्याच धन विभवालाच बसतो. तुमच्या सीव्हीतली नवी जोडी हीच असावी असा माझा अंदाज आहे. खात्री करायची तर पारा-मर्क्युरस सल्फेटचा बाहेरचा रेफरन्स घ्या, सल्फ्युरिक ॲसिडला तोच साजेसा, आणि ताज्या सोन्याचा सीव्ही काढा. मग त्याच द्रावणात चिमूटभर सिल्व्हर सल्फेट टाकून पुन्हा काढा. शिखरं त्याच जागी आली तर प्रश्न मिटला.

क्लोराईड मुद्दाम घालून रेफरन्स सुधारावा असा मोह होईल. तो टाळा. धन विभवाला क्लोराईड सोन्याशी संयुग बांधून त्याला विरघळवतं. १०० नॅनोमीटरमध्ये विरघळायला फार काही नसतं.

काचपट्टी
मंगळवार, सकाळी ८.२०

दोघांचेही मनापासून आभार. चेंबर मध्ये उघडला नव्हता, दाब २ गुणिले १० चा उणे ६ वा घात टॉर होता.

ॲनिलिंग मी कण मोठे व्हावेत आणि पृष्ठभाग स्वच्छ राहावा म्हणून करत होते. त्याने उलट खालून घाण वर आणली हे लक्षात आलं नव्हतं. सिल्व्हर सल्फेटचा प्रयोग आजच करते.

मोजपट्टी
मंगळवार, सकाळी ११.३०

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूचा. त्या चांदीच्या चौकोनाबद्दल एक हिशेब मांडतो, कारण पातळ फिल्म किती पातळ असते ते आकड्यांशिवाय उमगत नाही.

१ चौ. मिमी बाय १ मायक्रोमीटर चांदी म्हणजे जवळपास साडेदहा मायक्रोग्रॅम. ती सगळीच्या सगळी क्लोराईड व्हायला साधारण ९.४ मिलिकूलंब भार लागतो. आता रेफरन्सच्या तारेतून फक्त १ नॅनोॲम्पियर गळतो आहे असं धरा. १०८ दिवसांत चांदी संपली. स्वस्तातल्या ऑप-ॲम्पच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) इनपुटचा बायस करंट (इनपुटला स्वतःला लागणारा करंट) सहज याहून मोठा असतो, आणि १० नॅनोॲम्पियर असेल तर अकराव्या दिवशी खेळ आटोपतो. जाड तारेच्या रेफरन्सला ही गळती जाणवतही नाही. रेफरन्सला जोडलेला इनपुट काही पिकोॲम्पियरवाला असायलाच हवा.

शिवाय पॉवर बंद असताना वर्किंग आणि रेफरन्स एकमेकांना जोडलेले ठेवता का? शून्य बायसवर (वर्किंग आणि रेफरन्समध्ये फरक न ठेवता) चालणाऱ्या सेलमध्ये यासाठी जेफेट (पॉवर नसताना दोघांना जोडून ठेवणारा ट्रान्झिस्टर) बसवतात. नाहीतर सेल उघडा पडून आपल्या मर्जीने कुठल्यातरी विभवाला जातो आणि पुन्हा सुरू केल्यावर स्थिर व्हायला तासन्‌तास घेतो.

सूक्ष्मछिद्र
मंगळवार, दुपारी ३.५०

दहा मिनिटांच्या तक्रारीकडे अजून कोणी वळलेलं नाही. ती फिल्मची तक्रारच नाही.

वायू पडद्यातून येतो, पाण्यात विरघळतो आणि मग १ मिमी पोहत तळाच्या सोन्यापर्यंत येतो. द्रावणात अशा लहान रेणूंचा विसरण-गुणांक (रेणू किती झपाट्याने पसरतात ते सांगणारा आकडा) १० चा उणे ५ वा घात चौ. सेंमी प्रति सेकंद याच्या घरात असतो. अंतराचा वर्ग भागिले दुप्पट गुणांक, म्हणजे ५०० सेकंद. तुमची दहा मिनिटं इथे गेली. तोच थर ५० मायक्रोमीटरचा केला तर उत्तर सव्वा सेकंद येतं. अंतर वीस पट कमी, वेळ चारशे पट कमी.

करंटही त्याच कारणाने किरकोळ आहे. १० पीपीएमला द्रावणात जेमतेम १ मायक्रोमोलर हायड्रोजन सल्फाईड असतो. रेणूमागे आठ इलेक्ट्रॉन मिळाले असं धरलं तरी ४ चौ. मिमीवर १ मिमी थरातून ३ नॅनोॲम्पियर मिळतात. ५० मायक्रोमीटरमधून ६० च्या आसपास.

अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ लेलँड क्लार्क यांच्या १९५६ च्या ऑक्सिजन इलेक्ट्रोडमध्ये नेमकी हीच गोष्ट साधली होती. प्लॅटिनम आणि पडदा यांच्यात द्रावणाचा केवळ ओलावा, डबकं नाही.

माझी सूचना अशी की काच सोडा आणि सोनं थेट सच्छिद्र टेफ्लॉनच्या पडद्यावर स्पटर करा (अरगॉनच्या आयनांच्या माऱ्याने धातूचे अणू उडवून बसवा). पडद्याची भोकं ०.२ ते १ मायक्रोमीटरची, फिल्म १०० ते १५० नॅनोमीटरची, त्यामुळे भोकं बुजत नाहीत, त्यांच्या ओठांवर आणि थोडं आतपर्यंत धातू बसतो. टेफ्लॉन पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणजे भोकाच्या तोंडाशी वायू, द्रावण आणि धातू तिघांची गाठ पडते. रेणूला पोहायचं अंतरच राहत नाही.

जुनाघट
मंगळवार, रात्री ९.००

चर्चा छान चालली आहे. विरोधी मत नोंदवतो, कारण या वाटेवर मी बरीच वर्षं घालवली आहेत.

अशा सेलमध्ये पातळ फिल्म वापरू नये असं माझं मत आहे. प्रचलित सेलमध्ये धातूची काळी पूड टेफ्लॉनच्या कणांबरोबर मळून पडद्यावर दाबून भाजलेली असते. तिचं खरं क्षेत्रफळ दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या शेकडो पट असतं. तेवढं कशाला हवं? तर राखीव म्हणून. सेलच्या तोंडाशी बारीक भोक किंवा पडदा ठेवून आत येणारा वायूच मोजका करतात. इलेक्ट्रोड त्यातला प्रत्येक रेणू संपवतो आणि तरी त्याची बरीचशी ताकद शिल्लक राहते. पुढे वर्षभरात निम्मी पूड मेली तरी वाचन बदलत नाही, कारण करंट भोक ठरवतं, धातू नाही.

पातळ फिल्मला अशी गंगाजळी नसते. १ चौ. सेंमीवर १०० नॅनोमीटर प्लॅटिनम म्हणजे ०.२१ मिलिग्रॅम, आणि त्यातला पृष्ठभागावरचा अंश आणखी नगण्य. त्यात तुमचा वायू गंधकाचा. गंधक सोन्याला घट्ट धरून बसतो. पहिल्या दिवशी सुंदर वाचन, महिन्याने निम्मं. सेन्सर ज्याच्या जिवासाठी लावला आहे त्या माणसाला हे कळणार कसं?

चाचणी करताना फ्युम हुड (वायू ओढून घेणारं कपाट) सोडू नका. १०० पीपीएमच्या आसपास नाक या वायूला बधिर होतं. वास थांबला म्हणून वायू गेला असं समजणं जिवावर बेतू शकतं.

निर्वातपंप
मंगळवार, रात्री १०.२०

जुनाघट, राखीव ताकदीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण पातळ फिल्म म्हणजे गुळगुळीत फिल्म असं का धरता? नवीन माणसाला आरशासारखी फिल्म हवी असते, कारण ती डोळ्याला भावते. या कामाला आरसा नको.

स्पटरिंगमध्ये अरगॉनचा दाब हातात असतो. कमी दाबाला अणू जोरात येऊन दाटीने बसतात. दाब वाढवला की वाटेत आपटून थकलेले अणू येतात, जिथे पडले तिथेच राहतात आणि मधे फटी असलेले खांब उभे राहतात. थॉर्नटन यांनी १९७४ मध्ये दाब आणि तापमानाचा हा नकाशा मांडला, आजही स्पटरिंगवाले तोच डोळ्यांसमोर ठेवतात. मी अशा कामाला पहिले ५० नॅनोमीटर अर्ध्या पास्कलला दाट टाकतो, म्हणजे आम्ल खालच्या टायटॅनियमपर्यंत पोचत नाही. मग दाब ३-४ पास्कलवर नेऊन वरचा थर भुसभुशीत ठेवतो.

आणि ज्या सेलमध्ये द्रावण थेंबभरच आहे, किंवा एकाच पट्टीवर चार वायूंचे चार इलेक्ट्रोड हवेत, तिथे पूड दाबून बसवता येत नाही. फिल्मच लागते. शंभर पट्ट्या एकसारख्या निघतात हाही फायदा थोडा नाही.

भट्टी
बुधवार, सकाळी ९.१०

थोडं विषयांतर, पण फिल्मचंच आहे. झिरकोनियावर (झिरकोनियम ऑक्साईडच्या सिरॅमिकवर) टायटॅनियम-प्लॅटिनम टाकून ७०० अंशांना ऑक्सिजन मोजतो आहे. काही दिवसांत प्लॅटिनमचे थेंब थेंब होतात आणि रोध हाताबाहेर जातो. काही उपाय?

निर्वातपंप
बुधवार, सकाळी ९.४५

भट्टी, पातळ धातू तापला की पृष्ठभाग कमी करायला बघतो, म्हणून आधी भोकं पडतात, मग बेटं होतात. टायटॅनियमही त्या तापमानाला प्लॅटिनममधून वर येऊन ऑक्साईड होतं. ते काढा, टँटलम वापरून पाहा, नाहीतर फिल्म सोडून झिरकोनियाची पूड मिसळलेली जाड प्लॅटिनम पेस्ट भाजा. १९७६ पासून बॉशचे जे लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारे) गाड्यांच्या धुराड्यात बसू लागले, त्यांतही झिरकोनियावर सच्छिद्र प्लॅटिनम आणि त्याला जपणारा सच्छिद्र सिरॅमिक थर होता. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

काचपट्टी
शुक्रवार, रात्री ८.३०

सिल्व्हर सल्फेटची शिखरं अगदी त्याच जागी आली. घटविद्या, चांदीच होती. आता पट्टीवर चांदी नाही. तिच्या जागी हवेला उघडी असलेली प्लॅटिनमची फिल्म रेफरन्स म्हणून ठेवते आहे.

घटविद्या
शुक्रवार, रात्री ९.१५

उत्तम. सल्फ्युरिक ॲसिडात प्लॅटिनम-हवा इलेक्ट्रोड हायड्रोजनच्या तुलनेत १ व्होल्टच्या आसपास बसतो. सैद्धांतिक १.२३ मिळत नाही, पण मिळतं ते बऱ्यापैकी टिकतं. या विभवाला सोनं ऑक्साईडविना उघडं असतं आणि हायड्रोजन सल्फाईडचं ज्वलनही होतं. म्हणजे शून्य बायसवर चालेल.

आता प्रत्येक पट्टीचं खरं क्षेत्रफळ मोजायची सवय लावा. सीव्हीत सोन्याचं ऑक्साईड परतताना जे शिखर येतं, त्याखालचा भार मोजायचा. चौ. सेंमीला ३९० मायक्रोकूलंब धरतात. प्लॅटिनम असेल तर हायड्रोजनच्या शिखरांना २१०. वायू दाखवण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा हा आकडा लिहून ठेवा. जुनाघट यांच्या शंकेचं उत्तर त्यातच मिळेल.

काचपट्टी
तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी १०.००

उशीर झाला, पण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

काचेवर टायटॅनियम-प्लॅटिनम-सोनं, ॲनिलिंग नाही, कडांवर पॉलिमरचा थर चढवून फक्त मधली खिडकी उघडी. एकवीस दिवस आम्लात आहे, काल टेप लावली, काही निघालं नाही. दाट फिल्मचा ऑक्साईडचा भार २१ मायक्रोकूलंब आला, म्हणजे खरं क्षेत्रफळ दिसण्याच्या १.३५ पट. वरचा थर जास्त दाबाला टाकलेल्या पट्टीचा ६० मायक्रोकूलंब, म्हणजे ३.८ पट.

द्रावणाचा थर ५० मायक्रोमीटर केला तरी नव्वद टक्क्यांपर्यंत पोचायला १४० सेकंद लागत होते. दोन दिवस फिल्मला दोष देत बसले. मग चाचणीचा डबाच आठवला. २०० मिलिलीटरचा डबा, प्रवाह मिनिटाला २०० मिलिलीटर. डबा नव्वद टक्के भरायलाच १३८ सेकंद लागतात! १० मिलिलीटरची टोपी बसवली, रबराची नळी काढून टेफ्लॉनची लावली, कारण रबर हा वायू पिऊन बसतं. आता २५ सेकंद.

पडद्यावर स्पटर केलेलं सोनं त्याहून वेगवान आहे, १२ सेकंद. पण पडदा ताणला की फिल्मला न दिसणाऱ्या भेगा पडतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध ३ ओहमचा ४० झाला. सध्या पडदा न ताणता काचतंतूच्या ओल्या कागदावर नुसता दाबून बसवते आहे.

जुनाघट, तुमचं म्हणणं खरं ठरलं, तेही इथे लिहायलाच हवं. दाट फिल्मची संवेदनशीलता आठवड्यात १८ टक्क्यांनी उतरली, भुसभुशीत फिल्मची ७. आम्लात ऑक्साईडपर्यंत नेऊन-आणून दहा फेऱ्या मारल्या की जवळपास सगळी परत येते.

घटविद्या
रविवार, सकाळी ११.४०

उतार गंधकाचाच. रेणूचं पूर्ण ज्वलन झालं तर आठ इलेक्ट्रॉन मिळतात आणि सल्फेट द्रावणात जातं. अर्धवट राहिलं तर दोनच मिळतात आणि गंधक सोन्यावर बसतो. म्हणजे सिग्नल कमी आणि जागाही अडलेली.

जुनाघट
रविवार, दुपारी १.१५

आकडे प्रामाणिकपणे मांडल्याबद्दल मनापासून कौतुक. मग आता फिल्मला झेपेल इतकाच वायू द्या. पडद्याच्या बाहेर बारीक भोकाची चकती लावा, करंट मुद्दाम पाचव्या हिश्शावर आणा. प्रतिसाद थोडा मंदावेल, पण ३.८ पट क्षेत्रफळातलं बरंचसं राखीव राहील. मोजपट्टी यांच्या पिकोॲम्पियरवाल्या इनपुटला तेवढा सिग्नल पुरतो. उतार ७ वरून कुठे येतो ते बघू. स्वच्छतेच्या फेऱ्या मारायला सेल जागेवरून काढावा लागतो, त्यावर विसंबू नका.

काचपट्टी
रविवार, दुपारी २.०५

चकती आज कापते. एक भुसभुशीत पट्टी चकतीसह आणि एक चकतीविना, दोन्ही एकाच टोपीखाली, रोज दोन तास १० पीपीएम, आणि दोन्हींचा ऑक्साईडचा भार रोज संध्याकाळी. मात्र भार मोजताना फिल्म आपोआप साफही होते, म्हणून तिसरी एक पट्टी ठेवते जिचा भार फक्त पहिल्या आणि तिसाव्या दिवशी मोजीन.

घटविद्या
रविवार, दुपारी २.२०

तिसरी पट्टी हवीच, मीही तेच लिहायला आले होते. तिलाही चकती लावा.